पहिलीच्या बाईंचं भाकीत

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत पहिलीच्या बाईंना सगळा वर्ग तोंडपाठ झालेला असतो. कोण मधल्या सुट्टीआधीच डबा उघडतो, कोणाला जागेवर दहा मिनिटं बसवत नाही, कोण शेजाऱ्याची पेन्सिल मोडतो, कोण दिवसभर कुणाशी अवाक्षर बोलत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मग शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना एखाद्या मुलाचं नाव निघतं आणि कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, ‘‘हा पुढे काय दिवे लावणार आहे कोण जाणे!’’

हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. काहींनी तर ते स्वतःबद्दल ऐकलेलं असेल. ऐकतो आणि सोडून देतो. पण अमेरिकेत काही माणसांनी हे वाक्य सोडून दिलं नाही. त्यांनी दोन साधे प्रश्न विचारले. पहिलीच्या बाईंचं हे भाकीत खरं ठरतं का? आणि ठरत असेल, तर ते खोटं पाडता येईल का? या प्रश्नांच्या मागे लागून त्यांनी चाळीसएक वर्षं काम केलं, आणि त्यातून तंबाखू, दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाबद्दल एक अगदी अनपेक्षित गोष्ट हाती आली. त्याची हकिगत आज सांगायची आहे.

ही हकिगत सुरू होते शिकागो शहराच्या दक्षिण भागात, वुडलॉन नावाच्या वस्तीत. १९६० च्या सुमारास या वस्तीत ८० हजारांच्या आसपास लोक राहत होते. बहुतेक सगळे कृष्णवर्णीय, बहुतेक सगळे गरीब. १९६३ मध्ये शेपर्ड केलम या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे एक मानसिक आरोग्य केंद्र उघडलं. वस्तीतले लोक संघटित होते आणि सावधही होते. बाहेरून येणारे डॉक्टर, अभ्यासक, सरकारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ‘आमच्या मुलांवर प्रयोग करायला तुम्ही कोण?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून केंद्राच्या कामावर वस्तीतल्याच पुढाऱ्यांचं एक सल्लागार मंडळ नेमलं गेलं. काय करायचं आणि काय नाही, हे ठरवण्यात त्या मंडळाचा शब्द चालत असे. पुढच्या कामाला जे यश आलं त्यात या विश्वासाचा वाटा मोठा आहे.

सुरुवात कुठून करायची, यावर बराच खल झाला आणि उत्तर निघालं: पहिलीच्या वर्गातून. त्याचं कारण सोपं होतं. दवाखान्यात फक्त आजारी मूल येतं, पोलीस चौकीत फक्त पकडलेलं मूल येतं, पण पहिलीत वस्तीतलं झाडून सगळं मूल येतं. शिवाय तिथे त्याला रोज चार-पाच तास पाहणारं एक जाणतं माणूस असतं. त्या माणसाला वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही. मूल वर्गात कसं निभावतंय, हे पाहणं हेच त्याचं रोजचं काम असतं.

केलम आणि मंडळींनी बाईंनाच विचारलं, की वर्गात मुलाला काय जमलं पाहिजे असं तुम्हाला वाटतं? त्यांच्या बोलण्यातून पाच गोष्टी पुढे आल्या. मुलाने इतरांत मिसळावं. नियम पाळावेत, मारामारी करू नये. लक्ष देऊन बसावं. वयाच्या मानाने पोरकटपणा करू नये. आणि आपल्या कुवतीइतका अभ्यास करावा. मग या पाच गोष्टींवर बाईंनी प्रत्येक मुलाबद्दल आपलं मत नोंदवायचं, असं ठरलं. १९६६-६७ या वर्षी वुडलॉनमध्ये पहिलीत असलेल्या १,२४२ मुलांच्या अशा नोंदी झाल्या.

नोंदी झाल्या आणि कपाटात गेल्या. खरी करामत पुढे आहे. १९७५-७६ मध्ये, म्हणजे ही मुलं सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर, ही माणसं पुन्हा त्यांच्या दारात गेली. पुष्कळ कुटुंबं वस्ती सोडून गेली होती. तरी ७०५ मुलामुलींपर्यंत ते पोहोचले. सिगारेट ओढता का, दारू पिता का, गांजा घेता का, आणखी काही घेता का, असं त्यांना विचारलं. मग दहा वर्षांपूर्वीचं कपाट उघडलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

पहिलीत ज्या मुलग्यांबद्दल बाईंनी ‘नियम मोडतो, मारामारी करतो’ असं लिहिलं होतं, ते सोळाव्या वर्षी इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सिगारेट, दारू आणि गांजाकडे वळलेले होते. नुसत्या लाजाळू मुलांचं तसं नव्हतं. पण जो मुलगा एकलकोंडाही होता आणि मारामारीही करत होता, म्हणजे कुणात मिसळत नाही आणि डिवचलं की अंगावर धावून जातो, त्याला धोका सगळ्यात जास्त होता. मुलींच्या बाबतीत असा सरळ धागा सापडला नाही.

म्हणजे बाईंच्या सुस्काऱ्यात तथ्य होतं. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पहिलीत दंगा करणारी पुष्कळ मुलं पुढे चांगली निघाली. ज्याचा दंगा जास्त त्याचा धोका जास्त, एवढंच या आकड्यांनी सांगितलं. धोका म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. आकाश भरून आलं म्हणजे पाऊस पडतोच असं नाही, पण शहाणा माणूस वाळत घातलेले कपडे आत घेतो, तेवढाच याचा अर्थ.

आता तुम्ही विचाराल, सहा वर्षांच्या पोराच्या दंग्याचा आणि सोळाव्या वर्षीच्या सिगारेटीचा संबंध तो काय? मधला रस्ता पाहिला की संबंध कळतो. ज्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत थांबता येत नाही, ते दिवसातून वीस वेळा बोलणी खातं. बोलणी खाण्यात वेळ जातो तेव्हा वाचायला शिकायचं राहून जातं. वाचता येत नाही म्हणून दुसरीत, तिसरीत वर्गात बसणं आणखी नकोसं होतं. सोबतची मुलं त्याला खेळात घेत नाहीत. मग ज्यांना कुणीच खेळात घेत नाही अशी दोन-चार मुलं एकमेकांना शोधून काढतात. त्यांची एक टोळी होते. अकराव्या-बाराव्या वर्षी पहिली सिगारेट हातोहात फिरते ती या टोळीत. म्हणजे साखळी लांब आहे, पण प्रत्येक कडी आपल्या ओळखीची आहे. आणि पहिली कडी पहिलीच्या वर्गात आहे.

कडी कळली, पण ती तोडायची कशी? त्याचं उत्तर केलमना शिकागोत मिळालं नाही. ते शेकडो मैल दूर, कॅन्सस राज्यातल्या एका चौथीच्या वर्गात आधीच तयार झालेलं होतं.

वर्ग २४ मुलांचा होता. त्यातल्या सात मुलांना बाईंनी पुन्हा पुन्हा मुख्याध्यापकांकडे पाठवलेलं होतं. जागा सोडून उठणं, ओरडणं, आपसात बडबड, काही सांगितलं की ‘नाही करणार’. कॅन्सस विद्यापीठातले हॅरिएट बॅरिश, म्युरिएल साँडर्स आणि माँट्रोझ वुल्फ या तिघांनी या वर्गाचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. यांपैकी साँडर्स या स्वतः शिक्षिका. मिनिटामिनिटाची नोंद ठेवली तेव्हा दिसलं, की गणिताच्या तासाला जवळजवळ प्रत्येक मिनिटाला कुणीतरी मधेच बोलत होतं. नेमकं सांगायचं तर १०० पैकी ९६ मिनिटांत. आणि ८२ मिनिटांत कुणी ना कुणी जागा सोडून उठलेलं होतं. अशा वर्गात गणित शिकवायचं म्हणजे बाजारात कीर्तन करायचं!

मग बाईंनी एक खेळ सुरू केला. वर्गाचे दोन गट केले. नियम आधी नीट समजावून सांगितले. कुणी नियम मोडला की फळ्यावर त्याच्या गटापुढे एक खूण. तासाच्या शेवटी ज्या गटाच्या खुणा कमी तो जिंकला. आणि दोन्ही गटांच्या खुणा ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या, तर दोन्ही गट जिंकले. बक्षीस काय? छातीवर लावायला एक बिल्ला, नावापुढे एक चांदणी, जेवायला रांगेत पहिला नंबर, आणि दिवसाच्या शेवटी आवडीचं काम करायला अर्धा तास मोकळा. या सगळ्याला शाळेचा खर्च जवळजवळ शून्य.

खेळ सुरू झाल्यावर मधेच बोलणं ९६ वरून १९ वर आलं आणि जागा सोडणं ८२ वरून ९ वर. खेळ थांबवला की दंगा परत. पुन्हा सुरू केला की पुन्हा शांतता. एका गटात मात्र अडचण आली. एक-दोन मुलं मुद्दामच खुणा मिळवू लागली, आम्हाला खेळायचंच नाही म्हणाली. त्यांच्यापायी साऱ्या गटाला शिक्षा नको म्हणून बाईंनी त्यांचा हिशेब वेगळा ठेवला. ज्यांनी वर्ग सांभाळलेला आहे त्यांना ही अडचण आणि हा तोडगा दोन्ही ओळखीचे वाटतील.

या खेळाचं नाव ‘चांगल्या वागणुकीचा खेळ’. त्यात खुबी कुठे आहे पाहा. एरवी एखादा मुलगा बाईंना उलट उत्तर देतो तेव्हा वर्ग हसतो. ते हसणं हेच त्याचं बक्षीस असतं. बाई रागावल्या तर आणखी मोठं बक्षीस, कारण सगळ्या वर्गाचे डोळे त्याच्यावर लागतात. खेळ सुरू असताना हे हसू आटतं, कारण त्याच्या एका टवाळीने सोबत्यांचा अर्धा तास जाणार असतो. आणि तोच मुलगा दहा मिनिटं गप्प बसला तर तेच सोबती त्याची पाठ थोपटतात. ज्याला आजवर फक्त दंग्यामुळे ओळख मिळत होती, त्याला पहिल्यांदाच शांत बसल्याबद्दल शाबासकी मिळते, आणि तीही बरोबरीच्या मुलांकडून.

आता १९८० चं दशक. अमेरिकेत व्यसनांची मोठी धास्ती पसरलेली होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या पत्नी नॅन्सी रेगन ‘फक्त नाही म्हणा’ अशी मोहीम चालवत होत्या. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तिथल्या शाळांबरोबर ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा आणि अमली पदार्थ किती वाईट हे मुलांना समजावून सांगायचा. कार्यक्रम लोकांना फार आवडला. पोलीसकाका मुलांना आवडले, पालकांना दिलासा वाटला, पुढाऱ्यांना फोटो मिळाले, आणि तो देशभर पसरला. पण १९९४ मध्ये त्यावरच्या आठ चांगल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं, की मुलांची माहिती वाढली, पण व्यसनाच्या प्रमाणावर परिणाम नगण्य होता. पुढे २००९ च्या सुमारास त्या संस्थेने आपला जुना अभ्यासक्रमच बदलला.

देशभर ही धामधूम चालू असताना बाल्टिमोर शहरात एक वेगळंच काम सुरू झालं होतं. केलम आता जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आले होते. तिथले अभ्यासक आणि शहराच्या सरकारी शाळा यांनी मिळून ठरवलं, की कॅन्ससचा तो खेळ पहिलीच्या वर्गात आणायचा. १९८५-८६ या वर्षी १९ शाळांमधल्या ४१ वर्गांत ही पाहणी सुरू झाली. मुलांची वाटणी अशी केली, की दंगा करणारी मुलं एकाच वर्गात गोळा होणार नाहीत. कोणत्या वर्गाला खेळ मिळणार, हे जणू चिठ्ठ्या टाकूनच ठरवलं, म्हणजे चांगल्या बाई आणि चांगला वर्ग मुद्दाम निवडला असं कुणाला म्हणता येऊ नये. काही वर्गांत खेळ, काही वर्गांत वाचन पक्कं करून घेण्याची एक वेगळी पद्धत, आणि बाकीच्या वर्गांत नेहमीचं शिकवणं.

खेळाच्या वर्गांतल्या बाईंना आधी सुमारे ४० तासांचं प्रशिक्षण दिलं. वर्गाचे तीन गट, आणि प्रत्येक गटात शांत, लाजाळू, दांडगी अशी सगळ्या तऱ्हेची मुलं. सुरुवातीला खेळ आठवड्यातून तीनदा, दर वेळी दहाच मिनिटं. बक्षीस लगेच आणि हातात: एखादं चिकटचित्र, एखादं खोडरबर. मग हळूहळू वेळ वाढवत नेली. बक्षीस लांबवत नेलं, आधी दिवसाच्या शेवटी, मग आठवड्याच्या. वस्तूच्या जागी चांदणी आली, मोकळा वेळ आला. नंतर नंतर तर बाई आधी न सांगताच खेळ सुरू करत, त्यामुळे मुलांना सदा सावध राहावं लागे. चार खुणांच्या आत राहील तो प्रत्येक गट जिंके, म्हणजे कुणाला तरी हरवल्याशिवाय जिंकता येत नाही असा प्रकार नव्हता.

या चढत्या पायऱ्यांकडे नीट पाहा. पहिल्या दिवशी मूल दहा मिनिटांनी मिळणाऱ्या खोडरबरासाठी थांबतं. वर्षअखेर ते आठवड्याने मिळणाऱ्या शाबासकीसाठी थांबायला शिकतं. आत्ताचं सुख थोडं पुढे ढकलणं, मनात आलं ते लगेच न करणं, सोबत्यांसाठी स्वतःला आवरणं. व्यसनाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलाकडे नेमकं हेच नसतं. आणि गंमत अशी, की या दोन वर्षांच्या खेळात कुणीही सिगारेटचं, दारूचं किंवा गर्दचं नावसुद्धा घेतलं नाही.

मग पुन्हा तीच चिकाटी. पहिलीतली ही मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांना शोधून काढून त्यांच्या मुलाखती घेतल्या. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या वर्गांत शिकलेल्या मुलग्यांपैकी शेकडा ३८ जणांना तोवर अमली पदार्थांच्या व्यसनाचा त्रास झालेला होता. खेळाच्या वर्गांतल्या मुलग्यांमध्ये हे प्रमाण शेकडा १९ होतं, म्हणजे बरोबर निम्मं. आणि पहिलीत जे सगळ्यात दांडगे म्हणून नोंदले गेले होते, ज्यांच्याबद्दल बाईंनी सुस्कारा टाकला असता, त्यांच्यात फरक सगळ्यात मोठा होता. नेहमीच्या वर्गात शेकडा ८३, खेळाच्या वर्गात शेकडा २९. अशा अतिदांडग्या मुलांची संख्या मुळात थोडी होती, त्यामुळे या शेवटच्या आकड्याला जपून हाताळायला हवं. पण दिशा स्पष्ट होती. नेमाने सिगारेट ओढण्याचं प्रमाणही घटलं होतं. मुलींमध्ये मात्र असा मोठा फरक दिसला नाही. त्यांच्या अडचणी बहुधा दंग्याच्या वाटेने बाहेर येत नाहीत, हे त्याचं एक कारण असावं.

याच कामातून आणखी एक गोष्ट कळली आणि मला ती फार मोलाची वाटते. पहिलीत सारखाच दंगा करणारे दोन मुलगे घ्या. एक शांत वर्गात पडला, दुसरा गोंधळाच्या वर्गात. सहावीपर्यंत दुसऱ्याचा दंगा वाढण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणजे खोट एकट्या पोरात नसते. दंगा हा पुष्कळदा सगळ्या वर्गाचा असतो, एक पोर तो सगळ्यात मोठ्या आवाजात करतं इतकंच. एका मुलाला बाहेर अंगठे धरून उभं केलं म्हणून वर्ग सुधारत नाही. वर्ग सुधारला, तर ते मूल सुधारण्याची आशा असते.

पुढची गोष्ट प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि शिक्षणाधिकाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. पुढच्या वर्षी, १९८६-८७ मध्ये, त्याच शाळांत पहिलीच्या नव्या तुकडीबरोबर हा खेळ पुन्हा झाला. बाई त्याच होत्या, खेळ तोच होता. पण या वेळी नवं प्रशिक्षण जवळजवळ झालंच नाही आणि वर्गात येऊन मदत करणारं, चुकलं तर सांगणारं माणूसही फारसं फिरकलं नाही. परिणाम उघड होता. या दुसऱ्या तुकडीत फायदा खूपच कमी दिसला. पुस्तिका हातात देऊन, एका दिवसाचं शिबिर घेऊन आणि ‘आता करा’ म्हणून अशा गोष्टी होत नाहीत. मुलाला जसं कुणी पाठीशी हवं असतं, तसंच ते बाईंनाही हवं असतं.

याच सुमारास कॅनडातल्या माँट्रियल शहरात रिचर्ड ट्रेंबले आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या वाटेने याच प्रश्नाकडे चालले होते. १९८४ मध्ये त्यांनी गरीब वस्त्यांतल्या ५३ शाळांमधल्या बालवर्गाच्या शिक्षकांकडून १,०३७ मुलग्यांबद्दलची मतं गोळा केली. त्यांतल्या दांडग्या मुलांपैकी काहींसाठी सात ते नऊ या वयात दोन वर्षांचा कार्यक्रम आखला. शाळेत या मुलांना लहान गटांत, समजूतदार सवंगड्यांच्या सोबतीने, भांडण न करता मागणं कसं मांडायचं, राग आला तर काय करायचं, खेळात शिरायचं कसं हे शिकवलं. आणि दुसरीकडे त्यांच्या आईवडिलांच्या घरी जाऊन, मुलाच्या चांगल्या वागण्याकडे लक्ष कसं द्यायचं आणि न मारता शिस्त कशी लावायची, याचं मार्गदर्शन केलं. ही मुलं कुमारवयात आली तेव्हा त्यांच्यात दारू आणि अमली पदार्थांचं प्रमाण कमी होतं. चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या शेकडा ४६ जणांनी शालान्त शिक्षण पुरं केलं होतं. कार्यक्रम न मिळालेल्या तशाच मुलांमध्ये हा आकडा ३२ होता. पोलिसांत गुन्हा नोंदला गेलेले इकडे २२, तिकडे ३३. सगळे सुधारले का? नाही. पण शंभरातल्या दहा-अकरा घरांतला जीव भांड्यात पडणं ही काही लहान गोष्ट नाही.

एवढं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग उद्यापासून प्रत्येक शाळेत हा खेळ सुरू करा, झालं काम! इथे जरा थांबायला हवं. इंग्लंडमध्ये २०१५ ते २०१७ या काळात ७७ शाळांत हा खेळ दोन वर्षं खेळवून पाहिला. सरासरी पाहता मुलांच्या वाचनात आणि वागणुकीत काही विशेष फरक पडला नाही. तिथली मुलं सात-आठ वर्षांची होती, शाळा वेगळ्या होत्या, आणि ठरवलं होतं तितक्या वेळा खेळ पुष्कळ ठिकाणी झालाच नाही. नेदरलँड्समध्ये मात्र या खेळानंतर पुढच्या वर्षांत तंबाखूचं प्रमाण कमी आढळलं. म्हणजे हा काही ताईत नव्हे, बांधला आणि बाधा टळली. बाई तो मनापासून खेळवतात की नाही, आणि शाळा त्यांना साथ देते की नाही, यावर बरंच काही अवलंबून आहे.

दुसरा धोका आणखी नाजूक आहे. ‘दांडगी मुलं पुढे व्यसनी होतात’ एवढंच अर्धवट वाक्य घेऊन आपण शिक्षकांच्या खोलीत गेलो, तर मुलाच्या कपाळावर एक नवा शिक्का बसेल, आणि तो शिक्का घेऊन ते पुढच्या प्रत्येक वर्गात जाईल. वुडलॉनच्या आईवडिलांना नेमकी हीच भीती होती. बाल्टिमोरच्या खेळात म्हणूनच एक शहाणपण आहे. तो साऱ्या वर्गाचा खेळ आहे. त्यात कुठल्याही मुलाला उठवून ‘तू बिघडलेला, चल वेगळ्या खोलीत’ असं म्हटलं जात नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याला सगळ्यात जास्त फायदा होतो, आणि तो ‘गरजू’ आहे हे त्याला किंवा कुणालाच कळत नाही.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला त्याचं काय, असं वाटू शकेल. पण एक प्रश्न आपल्याही दारात आलेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई केली. ते योग्यच झालं. छडी गेली. पण छडीच्या जागी बाईंच्या हातात आपण काय दिलं? चाळीस-पन्नास मुलांसमोर उभ्या असलेल्या एखाद्या तरुण शिक्षिकेला विचारा. ती सांगेल, मारायचं नाही हे सांगायला पुष्कळ जण आले, मग करायचं काय हे सांगायला कुणी आलं नाही. तंबाखूविरोधी दिनाला फेरी निघते, घोषणा होतात, चित्रकला स्पर्धा होते. त्या करायला हरकत नाही. पण पहिलीतल्या बाईंना वर्ग सांभाळायची कला शिकवणं, त्यांच्यामागे वर्षभर कुणीतरी अनुभवी माणूस उभं करणं, हेही व्यसनमुक्तीचंच काम आहे, असं आपल्या मनातही येत नाही.

यासाठी मोठी यंत्रणा लागते असं नाही. दोन-तीनच नियम, मुलांना समजतील अशा शब्दांत, भिंतीवर लिहिलेले. ‘ओरडू नका’ असं न लिहिता ‘हात वर करून बोलू’ असं लिहिलेले. मिसळीचे गट, म्हणजे एकाच गटात सगळी दांडगी नकोत आणि सगळी गुणीही नकोत. सुरुवातीला दहाच मिनिटं. चूक झाली तर आवाज न चढवता, नाव घेऊन लाज न आणता फळ्यावर खूण. जमलं तर लगेच शाबासकी, आणि तीही कशाबद्दल ते स्पष्ट सांगून. पुष्कळ जुन्या, चांगल्या बाई हे सगळं आपसूक करत आल्या आहेत. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याचा परिणाम पंधरा वर्षांनी काय होतो हे मोजायलाही कुणी गेलं नव्हतं. बाल्टिमोरने फक्त तेवढं मोजून दाखवलं.

तेव्हा पुन्हा त्या शिक्षकांच्या खोलीत येऊ. चहा झालेला आहे, घंटा व्हायची आहे आणि त्या मुलाचं नाव निघालेलं आहे. त्याच्याबद्दल बाईंना जे वाटतंय ते बहुधा चुकीचं नाही. साठएक वर्षांपूर्वी वुडलॉनच्या बाईंनाही तेच वाटलं होतं. फरक एवढाच, की आज आपल्याला पुढची गोष्टही माहीत आहे. हा पुढे काय दिवे लावणार, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या विसाव्या वर्षी मिळेल, पण त्यातला बराचसा भाग यंदाच, याच वर्गात ठरायचा आहे. घंटा झाली की बाई उठतील, वर्गात जातील. तो नेहमीप्रमाणे जागा सोडून खिडकीपाशी उभा असेल. आज त्याला दहा मिनिटं जागेवर बसता आलं आणि शेजारच्या पोराने त्याच्या पाठीवर थाप मारली, तर तेवढंही पुष्कळ झालं. उद्या अकरा मिनिटांचं पाहता येईल.